अश्वारोग्य व कार्यक्षमता, नाशिक परिसर

घोड्याचे शरीरक्रियाविज्ञान, पोषण, रोगनिदान व आनुवंशिकी यांतील संशोधन त्याचे आरोग्य राखण्यासाठी आणि धाव, ओढ व दम वाढविण्यासाठी वापरणे, एवढा या विषयाचा आवाका आहे. त्यातील पुष्कळसे प्रयोग शर्यतीच्या घोड्यांवर झाले. नाशिकमध्ये मात्र त्याचा संबंध टांगा, वरात, महाराष्ट्र पोलीस अकादमीतील अश्वारोहण आणि कुंभमेळ्यातील आखाड्यांच्या मिरवणुका यांच्याशी येतो.

घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. हा शब्द शालिहोत्र या नावावरून आला. शालिहोत्राचा काळ वादग्रस्त आहे. इ. स. पू. तिसरे शतक हा काळ वारंवार दिला जातो, पण त्यामागे मुख्यतः परंपरेचाच आधार आहे. उपलब्ध पोथ्यांतील मजकूर एकहाती वाटत नाही. म्हणून शालिहोत्र हे व्यक्तीपेक्षा एका परंपरेचे नाव मानणे अधिक सयुक्तिक ठरते. नकुलाच्या नावावरील अश्वशास्त्र आणि जयदत्ताचे अश्ववैद्यक यांची कालनिश्चितीही सैलच आहे. दख्खनपुरता पक्का खुंटा चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लास या ग्रंथात (सुमारे ११२९–३१) मिळतो. या जुन्या विद्येतील दातांवरून वय ओळखण्याची रीत आजही टिकून आहे. देवमण वगैरे अंगावरील केसांच्या भोवऱ्यांचा घोड्याच्या दमाशी काही संबंध नाही, तरी बाजारात भाव त्यांवरून ठरतो.

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. चौखूर उधळताना त्याच्या प्रत्येक झेपेबरोबर एक श्वास बांधलेला असतो. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असणारे हृदयाचे ठोके जोराच्या धावेत २२० च्या पुढे जातात आणि प्लीहा राखीव तांबड्या पेशी रक्तात सोडते. घोड्याचा घाम त्याच्या रक्तद्रवाहून खारट असतो. त्यामुळे पाण्याबरोबर क्षारही जातात आणि तहानेची जाणीव बोथट होते. दमलेला घोडा पाण्याची बादली हुंगून तोंड फिरवतो ते यामुळे. साजाच्या पट्ट्यांखाली दिसणारा पांढरा फेस लॅथेरिन या प्रथिनाचा असतो. चंदीत (घोड्याच्या खुराकात) मीठ घालण्याच्या रीतीला क्षारांच्या या तुटीतून आधार मिळतो. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, ही समजूत मात्र १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या संशोधनाने खोडली. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत हा निष्कर्ष सर्वांत उपयोगी पडावा.

नाशिकमध्ये घोड्यांच्या ओढीचा जुना दाखला ट्रामचा आहे. नाशिक रोड स्थानक ते मेन रोड अशी घोड्यांची ट्राम सुमारे १८८९ पासून, काहींच्या मते १८९१ पासून, धावत होती. दोन डबे चार घोडे ओढत. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली.

रोगांपैकी सर्रा या रोगाचा परजीवी ब्रिटिश पशुवैद्य ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माइल खान (आता पाकिस्तानात) येथे घोडे व उंट यांच्या रक्तात पाहिला. टॅबॅनस जातीच्या रक्त शोषणाऱ्या माश्या तो पसरवतात, त्यामुळे पावसाळ्यात व त्यानंतर जपावे लागते. ताप येतो-जातो, पाय सुजतात, घोडा खाऊनही वाळतो. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग अधिक गंभीर, कारण तो माणसालाही होतो. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने (स्थापना १९८५) त्याच्या रक्तचाचण्या विकसित केल्या. नाशिक महसूल विभागातील सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) दत्तजयंतीच्या बाजारात परप्रांतीचे घोडे एकत्र येतात, तेथे या चाचणीला विशेष महत्त्व आहे. रोग निश्चित झाल्यास २००९ च्या पशुरोग कायद्यानुसार जनावर मारावे लागते, आणि रक्ताचा नमुना देताना मालक का बिचकतो ते त्यावरून समजते.