अब्जांश कणांतून कर्करोग-औषधवहन

कर्करोगावरचे औषध मोकळे न देता अब्जांश म्हणजे नॅनो आकाराच्या कणात कोंडून किंवा कणाला जोडून रक्तात सोडण्याची पद्धत. हेतू दोन: गाठीत औषध जास्त पोचावे आणि धडधाकट अवयवांना त्याची झळ कमी लागावी. वर्तमानपत्रे या कणांना गाठीचा वेध घेणारी क्षेपणास्त्रे म्हणतात. उपमा आकर्षक असली तरी फसवी आहे. कण गाठीचा माग काढत जात नाही, रक्त नेईल तिकडे जातो. शिवाय या पद्धतीचे पहिले मोठे औषध टिकले ते दुसऱ्या हेतूच्या जोरावर.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तांबडी रक्तपेशी सुमारे ७,००० ते ८,००० नॅनोमीटर रुंद असते, तर औषधवाहू कण बहुधा २० ते २०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. ५-६ नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडात गाळला जाऊन लघवीवाटे निघून जातो. फार मोठा झाला तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला उचलतात. मधल्या आकाराचे कणही या पेशींच्या तावडीतून पुरते सुटत नाहीत, फक्त त्यांना वेळ जास्त मिळतो.

डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतले जुने, खात्रीचे औषध. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूंपासून मिळालेले हे द्रव्य लालभडक असते आणि ते घेतल्यावर लघवीही लालसर होते. त्याचा मोठा दोष म्हणजे ते हृदयाच्या स्नायूला इजा करते, आणि ही इजा साचत जाते. म्हणून आयुष्यभरात मिळून किती द्यायचे याला मर्यादा आहे: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ४५० ते ५५० मिलिग्रॅम. गाठ औषधाला दाद देत असली तरी या टप्प्यावर हात आखडता घ्यावा लागतो.

वाट सापडली ती लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंच्या सूक्ष्म पिशवीमुळे. अंड्याच्या बलकात असणारे लेसिथिन पाण्यात घातले की त्याचे रेणू आपोआप दुपदरी पटलाच्या सूक्ष्म पिशव्या बनवतात, हे इंग्लंडमधील बाब्रहॅम येथे अ‍ॅलेक बँगहम यांनी १९६०च्या दशकात दाखवले. अशा पिशवीत डॉक्सोरुबिसिन भरण्याचे काम इस्राएलमध्ये येझेकिएल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझॉन यांनी तडीस नेले. त्यातून आलेल्या ‘डॉक्सिल’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर १९९५ मध्ये एड्सच्या रुग्णांतील कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी मान्यता दिली. हे तिथे मान्यता मिळालेले पहिले नॅनो-औषध मानले जाते. पुढे बीजांडकोशाच्या कर्करोगातही ते रुळले.

औषध आत भरण्याची युक्ती बघण्यासारखी आहे. पिशवीच्या आत अमोनियम सल्फेटचे द्रावण ठेवतात, बाहेरचे काढून टाकतात. विद्युतभार नसलेले डॉक्सोरुबिसिन पटल ओलांडून आत शिरते. आत त्याला भार मिळतो, सल्फेटशी जुळून त्याचे स्फटिक बनतात आणि आल्या वाटेने परत जाण्याची सोय उरत नाही. जेमतेम ८०-९० नॅनोमीटरच्या एका कणात असे दहा हजारांहून जास्त रेणू मावतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा कण कॉफीच्या बीसारखा दिसतो. मधली रेघ म्हणजे औषधाचा स्फटिक. कणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांची झूल असते. तिच्यामुळे भक्षक पेशींना त्याचा सुगावा उशिरा लागतो आणि रक्तातले त्याचे अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, दोन दिवसांच्या वर जाते. ज्या ठिबकबाटलीला आपण सरसकट ‘सलाइन’ म्हणतो, तिच्यात इथे खरे सलाइन मात्र चालत नाही. औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे ग्लुकोजच्या द्रावणातच, मिसळावे लागते. पहिली मात्रा फार सावकाश सोडतात, कारण काही रुग्णांना सुरुवातीलाच धाप लागते, चेहरा लाल होतो.

पसरलेल्या स्तनकर्करोगात मोकळे डॉक्सोरुबिसिन आणि डॉक्सिल यांची थेट तुलना झाली. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग आटोक्यात ठेवण्यात दोन्ही जवळपास सारखी ठरली. फरक पडला तो हृदयात: डॉक्सिलने तिथली इजा बरीच कमी केली. केसही कमी गळले. त्याबदली तळहात-तळपायांची त्रासदायक व्याधी मागे लागली. कातडी लाल होते, सुजते, सोलवटते. ऊन, दाब आणि घर्षण टाळायला सांगतात. रोज भाकरी थापणाऱ्या हाताला ते किती अवघड आहे हे वेगळे सांगायला नको.

गाठीत कण शिरतात कसे, याचे प्रचलित स्पष्टीकरण जपानच्या कुमामोतो विद्यापीठातील यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले. घाईघाईने वाढणाऱ्या गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या, भोकाभोकांच्या असतात आणि लसीका म्हणजे ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचा निचराही नीट नसतो. त्यामुळे मोठे रेणू आणि कण तिथे झिरपतात आणि साचून राहतात. उंदरात हे छान दिसते. पण प्रयोगशाळेतल्या उंदराची गाठ काही आठवड्यांत त्याच्या वजनाच्या कितीतरी टक्के होते. माणसाची गाठ वर्षानुवर्षे वाढते आणि एकाच रुग्णाच्या दोन गाठीही सारख्या गळक्या नसतात. टोरांटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासून २०१६ मध्ये आकडा काढला: दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या कणांचा मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) ०.७ टक्के. याच गटाने २०२० मध्ये दाखवले की बहुसंख्य कण भोकांतून नव्हे, तर वाहिनीच्या अस्तरपेशींतून सक्रियपणे आत नेले जातात. म्हणजे तीस-पस्तीस वर्षे ज्या भोकांच्या भरवशावर कणांची रचना होत होती, त्या समजुतीलाच हादरा बसला.

कणावर गाठीला ओळखणारे प्रतिपिंड किंवा रेणू बसवले तर? कल्पना सरळ वाटते, पण रुग्णालयात ती अजून रुजलेली नाही. ओळख पटवायला कण आधी गाठीपर्यंत पोचावा लागतो, आणि अडते तिथेच. अशा कणांवर भिस्त ठेवणाऱ्या ‘बाइंड थेरप्यूटिक्स’ या अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या दुसऱ्या औषधाची कथा निराळी. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात देत. त्याने तीव्र अ‍ॅलर्जी होई आणि आधी स्टिरॉइड द्यावे लागे. ‘अब्रॅक्सेन’मध्ये तेच औषध रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधले आणि द्रावकच हद्दपार झाला. त्याला २००५ मध्ये स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीला ते दिल्यावर मध्यक आयुर्मान ६.७ वरून ८.५ महिन्यांवर गेले.

२०११ मध्ये उत्पादन अडल्याने अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ हे डॉक्सिलसारखेच औषध तात्पुरते आयात करू दिले आणि वर्षभराने याच कंपनीने काढलेल्या डॉक्सिलच्या प्रतीला रीतसर मान्यता दिली. डॉक्सिल बाजारात येऊन तोवर सतरा वर्षे झाली होती. साध्या गोळीची प्रत काढताना मूळ रेणू हाती असला की बरेचसे काम होते. इथे पिशवीचा आकार, पटलाची घडण, वरची झूल आणि आतला स्फटिक, सगळेच जुळवावे लागते.