आधी प्रिंट, मग रंग : मिक्स्ड मीडिया (एकाच चित्रात प्रिंट, रंग, कोलाज) करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

सबमिशन जवळ आलं की आमच्या प्रिंटिंगच्या दुकानात रोज एक तरी हाफ इम्पिरियल आकाराचा कागद येतो. पोस्टर कलर लावून झालेले, कोपऱ्यात वर्तमानपत्राचा तुकडा फेविकॉलने डकवलेला, आणि मागणी एकच : “यावर फक्त हा फोटो मारून द्या.” आम्ही नाही म्हणतो. टाळाटाळ चाललीय असं वाटू नये म्हणून कारण लिहून ठेवतो.

इंकजेटचं हेड कागदावरून जेमतेम दीड-दोन मिलिमीटर अंतराने धावतं. डकवलेल्या तुकड्याची कड जराशी उचललेली असली तरी हेड तिला घासतं. चित्रावर काळा पट्टा उमटतो, वर नोझल (शाईची बारीक छिद्रं) बुजतात. लेझर त्याहून नाजूक. टोनर (शाईची पूड) वितळवणारा रोलर साधारण २०० अंशांपर्यंत तापतो. ऑइल पेस्टल त्याला चिकटतो आणि पुढच्या दहा गिऱ्हाइकांच्या झेरॉक्सवर तुमचा पिवळा दिसत राहतो. शिवाय पाण्याने फुगलेला कागद सरळ ओढला जात नाही, फोटो दोन-तीन मिलिमीटर सरकतोच.

तेव्हा हाताने काढलेलं आधी स्कॅन करा, संगणकावर हवं ते करा, कोऱ्या कागदावर प्रिंट घ्या. रंग, दोरा, कोलाज त्यानंतर.

स्कॅनला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, चित्र दुप्पट मोठं करायचं असेल तर ६००. हाफ इम्पिरियल म्हणजे १५ × २२ इंच, त्याला ४५०० × ६६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवलात की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे इंचाला ७३. पेन्सिलीच्या रेघेचा धूर होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्ह आणा.

हातकागद पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा असो की आणखी कुठला, सुरळी करून आणू नका. रात्रभर बोर्डखाली वजन ठेवून सपाट करा. ३०० जीएसएमपर्यंतचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) चालतो. दातेरी कडेचे सुटे तंतू हेडला अडकतात, म्हणून मशीनमध्ये शिरणारी कड आम्ही पाव इंच कापतो. ती कड हवीच असेल तर कागद मोठा आणा. प्रिंट सुकल्यावर छापलेल्या भागाबाहेर पट्टी धरून ओल्या ब्रशची एक रेघ मारा, मिनिटभर थांबा आणि हळू फाडा. तश्शीच कड मिळते.

हातकागद शाई पितो, गडद भाग एकमेकांत मिसळतात. फाइल डोळ्याला बरी वाटते त्यापेक्षा थोडी उजळ ठेवा. ४ × ६ इंचाचा नमुना ३० रुपयांत काढून देतो, ऑर्डर दिलीत की बिलातून वजा. अख्खा कागद वाया जाण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

घरच्या प्रिंटरात बहुतेक वेळा डाय शाई असते, ओला ब्रश फिरला की निळं-गुलाबी पाणी वाहू लागतं. आमच्या मोठ्या मशीनमध्ये पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आहे. तीही २४ तास सुकू द्या, फिक्सेटिव्हचे (रंग धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे) दोन हलके हात द्या, मगच जलरंग लावा. फिक्सेटिव्ह जाड झालं तर रंग बसत नाही, थेंबाथेंबाने उभा राहतो.

आणि रंगवून झालंच असेल तर? खाली ॲक्रिलिक असेल तर फोटो त्यावर ट्रान्सफर करता येतो. आमच्याकडून उलटा लेझर प्रिंट घ्या (फोटोत अक्षरं असतील तर ‘मिरर’ म्हणून आठवणीने सांगा). चित्रावर ॲक्रिलिक मीडियमचा (रंग नसलेल्या ॲक्रिलिकचा) सलग थर द्या, त्यावर प्रिंट पालथा दाबा, हवेचे बुडबुडे काढा, रात्रभर सुकवा. सकाळी ओल्या बोटाने चोळलं की कागद शेवया होऊन निघतो. टोनर प्लॅस्टिकचा असल्यामुळे चित्रावरच राहतो. सुकल्यावर पांढुरकी झाक दिसली तर पुन्हा एकदा हलकं चोळा. पोस्टर कलरवर हे करू नका, चोळताना खालचा रंगच सुटून येतो. तसं चित्र आम्ही स्कॅन करतो, फोटो त्यात बसवून नव्या हातकागदावर छापून देतो. मूळ चित्र जसंच्या तसं परत मिळतं. हातकागद दुकानात सपाट करून, कड कापून तयार असतो.