पलाऊला निघताय? सनस्क्रीनची ट्यूब उलटी करून वाचा

प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाचं बुकिंग झालं की दोन प्रश्न हमखास येतात. जेवणाचं काय, आणि सनस्क्रीन घरचंच आणलं तर चालेल का? जेवणाचं आम्ही बघतो. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र हे पत्रक छापावं लागलं.

१ जानेवारी २०२० पासून पलाऊत प्रवाळाला घातक सनस्क्रीनवर कायद्याने बंदी आहे. सामानात सापडलं तर जप्त होतं. बंदीच्या यादीत दहा रसायनं आहेत. त्यातली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही नावं बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेली असतात. लोक अडकतात ते फिनॉक्सिइथेनॉलमध्ये. उन्हाशी त्याचा काही संबंध नाही, क्रीम टिकावं म्हणून ते घालतात. त्यामुळे घटकांच्या यादीत अगदी खाली, चष्मा लावूनही नीट दिसणार नाही अशा अक्षरांत ते असतं. ट्यूबच्या पुढच्या बाजूला ‘रीफ सेफ’ (म्हणजे प्रवाळाला सुरक्षित) आणि नारळाचं झाड छापलंय, यावर जाऊ नका.

ट्यूब गेल्याचं दुःख आम्हाला नाही. पण मग सकाळी रॉक आयलंड्स या छोट्या बेटांकडे जाणारी बोट सुटायच्या वेळी एक कुटुंब कोरोर शहरातल्या दुकानात क्रीम शोधत असतं आणि बाकीचे धक्क्यावर ताटकळतात. या बेटांवरच्या जेलीफिश तळ्यातल्या सोनेरी जेलीफिश सूर्याच्या मागे मागे सरकतात. ऊन डोक्यावर असताना पाण्यात उतरलात तर खरी मजा, आणि नेमका तोच वेळ हातचा जातो. म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधी ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. याला कुणी कटकट म्हणतं, म्हणू देत. आमच्या किटमध्ये चालणारं झिंक ऑक्साइडचं क्रीम आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट असतो. खरं सांगायचं तर शर्टच जास्त उपयोगी.

जेलीफिश चावतात का? त्यांचा डंख इतका सौम्य असतो की बहुतेकांना कळतही नाही. पण हाताने उचलू नका आणि पाय जोरात मारू नका, नाजूक असतात. २०१६ च्या दुष्काळात त्या जवळजवळ संपल्या होत्या, पुढे हळूहळू वाढल्या. तळ्यात फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत वरच्या वर पोहणं चालतं. साधारण १५ मीटरखालच्या पाण्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड आहे, त्यामुळे हवेची टाकी लावून खोल उतरायला मनाई.

आता पेलेल्यू, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईचं बेट. “युद्धाच्या जागा ना, अर्ध्या दिवसात उरकू,” असं म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. कोरोरहून स्पीडबोटीने जायलाच तासभर लागतो आणि समुद्र खवळला तर बेत बदलावा लागतो. म्हणून पेलेल्यूला अख्खा दिवस, आणि तोही कधीच शेवटचा नाही. १५ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकन फौजा इथे उतरल्या, त्या तीन-चार दिवसांत बेट घेऊ या हिशोबाने. लढाई २७ नोव्हेंबरपर्यंत चालली, कारण जपानी सैनिक चुनखडीच्या डोंगरातल्या गुहांमध्ये ठाण मांडून होते. त्यांच्यातले ३४ जण तर एप्रिल १९४७ मध्ये शरण आले, महायुद्ध संपून दीड वर्ष उलटल्यावर! जपानी मुख्यालयाची पडकी इमारत, गंजलेला रणगाडा, ऑरेंज बीच आणि हजार सैनिकांची म्हणून ओळखली जाणारी गुहा, हे सगळं गाईडबरोबर निवांत बघायचं. पायवाट सोडायची नाही, जंगलात अजून न फुटलेला दारूगोळा सापडतो. काडतूस, बाटली, बटण, काहीही उचलायचं नाही. आठवण म्हणूनसुद्धा नाही, तो गुन्हा आहे.

दुसरीकडे हीच सहल स्वस्तात मिळते, हेही आम्ही ऐकतो. मिळत असेल. फक्त तिथे दोन गोष्टी विचारा: जेलीफिश तळ्याचा परवाना किमतीत धरलाय का, आणि पेलेल्यूला पूर्ण दिवस आहे का. पलाऊचा १०० डॉलरचा पर्यावरण कर विमानाच्या तिकिटातच असतो, तो कुणी वेगळा मागितला तर आम्हाला फोन करा. बुकिंग आमच्याकडे नसलं तरी चालेल.