स्प्लिंटचं माप देण्याआधी

लातूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दुबळ्या हातापायांना आधार देणारे स्प्लिंट आणि कॅलिपर बनतात. बरेच जण येतात ते थेट माप द्यायलाच. "पाऊल उचलत नाही, एक पट्टा करून द्या." कशानं उचलत नाही, असं विचारलं की उत्तर येतं, "शीर दबली असंल," नाहीतर "वारं गेलंय."

स्प्लिंट पाऊल वर धरून ठेवतो, आजार थांबवत नाही. उलट चालणं सुधारलं की दवाखान्यात जायचं राहून जातं आणि नस आत वाळत जाते. म्हणून दुबळेपणा नवा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही माप घेत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

आमच्याकडे आलात की आधी तुमची चप्पल उलटी करून बघतो. एकाच चपलेची अंगठ्याकडची कड झिजली असेल तर ते पाऊल घासतंय. घरी भिंतीला हात लावून आधी टाचांवर चार पावलं चाला, मग चवड्यांवर. कोणतं जमलं नाही ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

सोयाबीन काढणीत किंवा खुरपणीत तासन्‌तास उकिडवं बसलं की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडावरून जाणारी नस दबते आणि पाऊल लोळू लागतं. तसं बसणं बंद केलं की बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतार पडतो. पण कंबरेतली गादी सरकली तरी पाऊल असंच लोळतं, मधुमेहातही लोळतं आणि कुष्ठरोगातही. अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल तर लपवू नका. कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि ६ किंवा १२ महिन्यांत कोर्स पुरा होतो. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

तरुण मुलांचा एक आजार आम्ही मुद्दाम सांगतो, कारण तो सहज नजरेतून सुटतो. साधारण १५ ते २५ वयात एका हाताचा पंजा बारीक होतो, थंडीत बोटं आणखीच चालेनाशी होतात आणि दुखत मात्र काहीच नाही. हिरायामा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९५९ मध्ये याची नोंद केली. त्याचं मूळ मानेत असतं. पण मान सरळ ठेवून काढलेल्या एमआरआयमध्ये तो दिसेलच असं नाही, मान पुढे वाकवूनही काढावा लागतो. असा संशय असेल तर डॉक्टरांना तसं विचारा.

नसांची तपासणी म्हणजे एनसीव्ही-ईएमजी. आधी करंटचे बारीक झटके देतात, मग स्नायूत सुई घालतात. थोडं दुखतं. त्या दिवशी अंगाला तेल लावून जाऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. नस दुखावल्यावर सुईच्या तपासणीत बिघाड दिसायला साधारण ३ आठवडे लागतात. त्यामुळे लवकर केलेला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पाठपुरावा सोडू नका. न दुखता ताकद कमी होत चालली असेल आणि मांस फडफडत असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे नसांच्या डॉक्टरांकडे, जायला उशीर नको.

थांबू नका

एका अंगाचा हात-पाय अचानक गेला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, तर १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, मालिशवाल्याकडे तो वेळ घालवू नका. कंबर दुखून पाय दुबळा झाला आणि लघवी अडली, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर सरकारी दवाखान्यात न्या. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला असला तरी अशा मुलाच्या शौचाची तपासणी आजही करतात.

बाकीच्यांनी संभाजीनगरचा घाटी हा सरकारी दवाखाना किंवा लातूर, अंबाजोगाई, नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जवळचं गाठावं. नसांच्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या, म्हणजे मजुरी बुडवून हेलपाटा होणार नाही. दुबळेपणा कधी जाणवला, तेव्हापासून वाढला की तेवढाच आहे, धार काढताना किंवा भाकरी थापताना नेमकं काय जमत नाही, हे कागदावर लिहून न्या.

मग चिठ्ठी, रिपोर्ट आणि रोजच्या वापरातला बूट किंवा पट्ट्याची चप्पल घेऊन या. स्प्लिंट त्यातच बसवायचा असतो. पाय बधिर असेल तर तेही सांगा. अशा पायाला स्प्लिंट घासला तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री तो काढून कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट घालू नका, आमच्याकडे आणा. घासणारी जागा आम्ही मोकळी करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.