रस्त्याखालचा अर्धा पाइप : अमेरिकेतल्या शिशाच्या नळजोडण्या आणि अपुऱ्या नोंदी

२०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या असंख्य घरांत पाणीपुरवठा यंत्रणेचं पत्र आलं. त्यात तीनपैकी एक मजकूर होता. तुमची नळजोडणी, म्हणजे मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप, शिशाची आहे. किंवा ती जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपाची असून कधीकाळी शिशाच्या पाइपाला जोडलेली होती. किंवा ती कशाची आहे हे आम्हालाच माहीत नाही. तिसऱ्या मजकुराने अनेक जण चक्रावले. पाणी देणाऱ्यालाच आपला पाइप ठाऊक नसावा, हे कसं काय? याचं उत्तर बऱ्याच अंशी एका मालकीच्या वादात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिशाचा पाइप लोकप्रिय झाला, कारण तो हवा तसा वाकवता येतो, जमीन थोडी खचली तरी फुटत नाही आणि लोखंडापेक्षा जास्त टिकतो. शिसं पाण्यात उतरून विषबाधा होण्याचा धोका तेव्हाही माहीत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही शहरांनी त्याच्यावर बंधनं आणली. पण १९२८ मध्ये शिसे उद्योगाची संघटना स्थापन झाली आणि शहरांचे प्लंबिंगचे नियम शिशाला अनुकूल राहावेत म्हणून तिने वर्षानुवर्षं प्रचार केला. शिकागोत तर लहान घरांच्या जोडणीला शिसंच वापरण्याची सक्ती होती आणि ती १९८६ च्या देशव्यापी बंदीपर्यंत टिकली. आजही तिथे सुमारे चार लाख शिशाच्या जोडण्या आहेत, देशात सर्वाधिक.

१९८६ च्या बंदीने शिशाचे नवे पाइप आणि पाइप जोडायचा शिसेयुक्त डाग (सोल्डर) थांबले, जुने जमिनीतच राहिले. (नळ आणि व्हॉल्व्हमध्ये आठ टक्क्यांपर्यंत शिसं असलं तरी त्यांना ‘शिसेमुक्त’ म्हणण्याची मुभा होती, ती मर्यादा २०१४ मध्ये ०.२५ टक्क्यांवर आली.) जुन्या पाइपांचा प्रश्न केंद्र सरकारच्या १९९१ च्या नियमाने हाती घेतला. तपासलेल्या घरांपैकी दहा टक्क्यांहून जास्त घरांत लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसं आढळलं, तर पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया करायची आणि तरीही प्रमाण उतरलं नाही तर दरवर्षी सात टक्के जोडण्या बदलायच्या. सुरक्षित पातळीचं उद्दिष्ट याच नियमात शून्य होतं. म्हणजे १५ हा आकडा आरोग्याचा नव्हता, यंत्रणेला जमेल अशा मर्यादेचा होता. आणखी एक पळवाट होती : एखाद्या जोडणीच्या पाण्याचे नमुने १५ च्या आत आले, तर ती न बदलताच ‘बदललेली’ म्हणून मोजता येई. कागदावर गेलेला पाइप जमिनीत तसाच.

खरा गुंता पुढचा. मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप सलग असला, तरी बहुतेक शहरांत त्याची मालकी विभागलेली असते : रस्त्याखालचा भाग यंत्रणेचा, आवारातला घरमालकाचा. १९९१ च्या नियमात यंत्रणेने आपल्या ‘ताब्यातला’ भाग बदलावा असं म्हटलं होतं आणि ताब्याची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवली होती. दुरुस्तीचा किंवा बदलण्याचा अधिकार असेल तर तोही ताबाच. शिवाय यंत्रणेने उलट सिद्ध केलं नाही तर संपूर्ण पाइप तिच्याच ताब्यात धरायचा. पाणीपुरवठादारांची संघटना याविरुद्ध न्यायालयात गेली. १९९४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली, तीही आरोग्याच्या मुद्द्यावर नव्हे, तर मसुद्याच्या वेळी पुरेशी पूर्वसूचना दिली नव्हती म्हणून. दोष प्रक्रियेतला होता. तो सुधारून तीच व्याख्या पुन्हा आणण्याचा प्रयत्न करता आला असता. तसं झालं नाही. २००० मध्ये नियम बदलला आणि यंत्रणेची जबाबदारी तिच्या मालकीच्या भागापुरती उरली. उरलेला भाग घरमालकाच्या खर्चाने बदलून देण्याचा प्रस्ताव त्याच्यापुढे ठेवला की काम भागलं. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महागडा निर्णय हाच.

त्याची किंमत राजधानी वॉशिंग्टनने मोजली. नोव्हेंबर २००० मध्ये तिथे निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाली. क्लोरीनमुळे पाइपांच्या आत टिकून असलेला शिशाच्या ऑक्साइडचा थर विरघळू लागला. २००३ मध्ये सहा हजारांहून अधिक घरं तपासली, त्यांतली चार हजारांहून अधिक १५ च्या वर निघाली. मग हजारो जोडण्या अर्ध्याच बदलल्या गेल्या. पाइप कापताना आतला थर सुटतो आणि नवं तांबं जुन्या शिशाला भिडलं की विद्युत-रासायनिक क्रियेने शिसं आणखी झिजतं. अशा अर्धवट बदलाने शिसं खात्रीने कमी होत नाही, काही काळ वाढूही शकतं, असा निष्कर्ष केंद्रीय तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये दिला. त्याच सुमारास विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनने संपूर्ण पाइप बदलण्याचं काम जवळपास पुरं करत आणलं होतं.

नोंदींचीही अशीच फाळणी झाली. आपल्या बाजूची माहिती यंत्रणेकडे, तीही अर्धीमुर्धी. आवारातली कोणाकडेच नाही. २०१४ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने नदीचं पाणी गंजरोधकाविना सोडलं आणि शिसं घराघरांत पोचलं. कोणत्या घराला कोणता पाइप, हे शोधताना हाती आली ती सुमारे ४५,००० कार्डं, पेन्सिलीने लिहिलेली, काही पुसट, काही चुकीची. शेवटी जमीन खणूनच खात्री करावी लागली.

२०२१ च्या नियमाने हे उलटवलं. मालकी कोणाचीही असो, दोन्ही बाजूंची यादी १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत करायची आणि शिसं, लोखंड वा ‘अज्ञात’ जोडणी असलेल्या घरांना ३० दिवसांत कळवायचं. त्याच महिन्यात आलेल्या पुढच्या नियमाने मर्यादा १० वर आणली आणि बहुतेक यंत्रणांना दहा वर्षांत शिशाच्या जोडण्या काढायला सांगितलं. ही मुदत २०२७ पासून मोजायची आहे.

‘अज्ञात’ पत्र आलेल्यांना एक तपासणी स्वतः करता येते. तळघरात मीटरपाशी जिथे पाइप भिंतीतून किंवा जमिनीतून आत येतो, तिथे किल्लीने किंवा नाण्याने हलकेच खरवडायचं. आत मऊ, चकचकीत रुपेरी धातू दिसला आणि चुंबक चिकटलं नाही, तर ते शिसं. तांबूस दिसलं तर तांबं. चुंबक चिकटलं तर लोखंड. मात्र लोखंड निघालं म्हणून निश्चिंत होऊ नये : पाणी येण्याच्या बाजूला असलेल्या शिशाच्या पाइपातून आलेले कण लोखंडाच्या गंजात अडकून राहतात आणि पुढे वर्षानुवर्षं सुटत राहतात. शिवाय खरवडून कळतं ते फक्त घरात शिरणाऱ्या टोकाचं. रस्त्याकडचा भाग वेगळ्या धातूचा असू शकतो. म्हणून त्या बाजूची नोंद यंत्रणेकडे मागावी आणि ती कशावर आधारलेली आहे, जुन्या कार्डावर की प्रत्यक्ष खोदकामावर, हेही विचारावं.