एका खोलीतली बाळं

1921 साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 666 बाळं वर्षाची व्हायच्या आत गेली. निदान नगरपालिकेच्या दप्तरात तशी नोंद आहे. घरात खोल्या किती, यावरून त्याच आकड्याची फोड केली की चित्र आणखी भीषण होतं. एका खोलीत राहणाऱ्यांत हजारी 828, दोन खोल्यांत 322, तीन खोल्यांत 191 आणि चार किंवा जास्त खोल्या असतील तर 133. त्या वेळी जवळजवळ दोन तृतीयांश मुंबई एकाच खोलीत राहत होती.

हे आकडे जसेच्या तसे खरे मानून चालत नाही. गिरणीकामगार बहुतेक कोकणातले नाहीतर घाटावरचे. बाई बाळंतपणाला गावी जायची, त्यामुळे जन्माची नोंद रत्नागिरीत किंवा साताऱ्यात. काही महिन्यांनी मूल घेऊन ती मुंबईला परतली आणि ते दगावलं, तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यावर. अंश पुरा आणि छेद अपुरा, मग भागाकार फुगणारच. गावाशी असा राबता एकखोलीवाल्यांचाच जास्त, म्हणजे 828 हा आकडा सगळ्यात जास्त फुगलेला असणार. पण त्याला बाजूला ठेवलं तरी दोन खोल्यांतल्यापेक्षा चार खोल्यांतलं प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. तेवढी घसरण गावी जाण्याने होत नाही.

खोली कमी म्हणून मूल का मरावं? इथे घरगल्ली समजून घ्यावी लागते. दोन चाळींमध्ये माणूस कसाबसा आत शिरेल एवढी फट ठेवलेली असे. टोपलीच्या संडासातला मैला सफाई कामगारांनी उचलायचा तो याच वाटेने. मोऱ्यांचं सांडपाणी तिथेच पडायचं, वरच्या मजल्यावरचा केरही तिथेच. 1892 साली तानसाचं पाणी शहरात आलं, पण ते वापरून झाल्यावर जायचं कुठे, याची सोय त्या वेगाने झाली नाही. घरगल्लीत चिखल वाढला. खोलीची एकमेव खिडकी उघडायची तीही याच गल्लीत. त्यामुळे ती बंदच राहायची. आत चूल, धूर, पाच-सहा माणसं, त्यात एखादा खोकणारा. क्षयाचे जंतू कोंदट, अंधाऱ्या हवेत तरंगत राहतात आणि टिकतात. माश्या संडासावरून उठून बाळाच्या दुधावर बसतात, की हगवण आलीच.

आईला तर भोंग्यावर गिरणीत हजर व्हायचं. मग तान्हं मूल दिवसभर गप्प कसं राहणार? त्यावर उपाय होता बाळगोळी, म्हणजे अफूची गोळी. गिरणीत काम करणाऱ्या बायकांची मुंबई सरकारने डॉक्टर बार्न्स या बाईंकडून पाहणी करून घेतली, तेव्हा जवळपास प्रत्येक आई मुलाला अफू देत असल्याचं 1922 मध्ये पुढे आलं. अफूने मूल झोपतं, त्याची भूकही मरते. श्वास मंदावतो, दूध पोटात जात नाही, आणि अशक्त झालेल्या मुलाला साधी हगवणही पुरते. या बायकांना अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी मँचेस्टरकडे पाहावं. तिथे 1840च्या दशकात गिरणीकामगारांची मुलं ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाच्या, काकवीत अफू घातलेल्या औषधावर झोपत होती. मजुरी आणि पाळणा एकत्र जमेना, की दोन्हीकडे तोच तोडगा.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही, पण त्याला जाग आली ती प्लेगने. 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दुर्गंधीनेच रोग होतो, ही जुनी समजूत डोक्यात घट्ट होती, म्हणून समुद्राची हवा शहरात खेळावी यासाठी वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो हे पक्कं व्हायला अजून काही वर्षं होती. रस्ते चांगलेच झाले, पण ज्यांच्या खोल्या पाडल्या ते शेजारच्या चाळीत दाटीने शिरले. पुढे ट्रस्टने दोन इमारतींत किती अंतर हवं, यासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला: तळमजल्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिचा जमिनीशी कोन याहून मोठा नसावा, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीलाही उजेड मिळावा. माझ्या मते ट्रस्टचं सगळ्यात शहाणं काम तेच.

मग 1920 पासून बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे आपल्या बीडीडीने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून 207 चाळी उभारल्या. काँक्रीटच्या, पक्क्या, मध्ये मोकळी जागा सोडलेल्या. खोलीचा आकार 160 चौरस फूट, आणि कुटुंबाला खोली एकच. 828चा आकडा त्याच काळात त्याच सरकारसमोर होता. भाडं जड आणि गिरण्या लांब, म्हणून वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या. 1930च्या सत्याग्रहात तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने तिथे कैदी ठेवले.