रोटरीला वावडं छोट्या फेऱ्यांचं

जुनी टर्बो स्पोर्ट्‌स कार रोजच्या वापराला घ्यायची म्हटलं, की सगळ्यांना वेगाची धास्ती वाटते. एवढी जोरात पळणारी गाडी, इंजिन टिकणार किती? माझदाच्या आरएक्स-७ला सलग दोनशे किलोमीटरची दौड मात्र छान मानवते. तिला सोसत नाही ते भलतंच. थंड गाडी सुरू करायची, गॅरेजमधून चार हात मागे घ्यायची आणि लगेच बंद करायची, एवढं निमित्त तिला पुरतं. दुसऱ्या दिवशी कितीही सेल्फ मारा, इंजिन दाद देत नाही. याचं कारण इंजिनाच्या आकारात आहे, आणि ते समजलं की ही गाडी रोज कशी चालवावी तेही आपोआप समजतं.

आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यांसमोर येते. हिरोशिमाच्या या कंपनीचा जीव मात्र रोटरी इंजिनात गुंतला होता. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेलचं पहिलं रोटरी इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चाललं. १९६१ मध्ये माझदाने परवाना घेतला. पिस्टनच्या जागी फिरणारा रोटर ही कल्पना सुंदर होती, पण रोटरच्या टोकावरच्या पट्ट्या थरथरत आणि आतल्या भिंतीवर ओरखडे उमटत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या ४७ अभियंत्यांनी या ओरखड्यांना ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ असं नाव दिलं होतं. ते त्यावर वर्षानुवर्षं झगडले आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. मला हा यंत्रविद्येतला फार मोठा पराक्रम वाटतो. बाकी बहुतेक कंपन्यांनी पुढे रोटरीचा नाद सोडला, माझदाने धरून ठेवला. आरएक्स-७ची तिसरी पिढी, जिला चाहते ‘एफडी’ म्हणतात, १९९१ ते २००२ या काळात बनली. हा लेख तिच्याबद्दल आहे.

रोटर म्हणजे फुगीर बाजूंचा त्रिकोण. मधोमध किंचित आत दबलेल्या लंबगोल पोकळीत तो फिरतो आणि त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे रोटरच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात. फिरता फिरता कप्पा मोठा होतो तेव्हा हवा आणि पेट्रोल आत येतं; लहान होतो तेव्हा ते दाबलं जातं; ठिणगी पडते, रोटर ढकलला जातो, जळलेला वायू बाहेर पडतो. वॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. रोटरच्या एका फेरीत शाफ्टच्या तीन होतात. म्हणजे शाफ्टच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा काटा ८००० वर असतो तेव्हा रोटर मिनिटाला २७०० फेऱ्याही घेत नसतो. एफडीमध्ये ६५४ सीसीचे असे दोन रोटर आहेत. एकूण १३०८ सीसी, आणि त्यातून सुरुवातीला २५५ अश्वशक्ती मिळे. जपानी बाजारात १९९९ पासून ती २८० झाली.

आता या आकाराची दुसरी बाजू. पेट्रोल जिथे जळतं तो कप्पा लांबट आणि चपटा आहे, शिवाय तो जळता जळता पुढे सरकत असतो. आकारमानाच्या मानाने भिंती जास्त, म्हणून बरीच उष्णता भिंतींत जिरते. प्रत्येक रोटरला दोन प्लग देऊनही कोपऱ्यातलं थोडं पेट्रोल न जळताच निसटतं आणि पुढे एक्झॉस्टमध्ये पेटतं. शहरात अ‍ॅव्हरेज लिटरला सहा-सातच्या पुढे सहसा जात नाही, ते यामुळे. पण टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, चालतो तो एक्झॉस्टच्या जोरावरच. इतका तापलेला, झटक्यासरशी सुटणारा वायू टर्बोच्या फार कामाचा. म्हणून रोटरी आणि टर्बो ही जोडी जमली.

थंड इंजिनाच्या त्या हट्टाकडे येऊ. रोटरच्या टोकांवरच्या सीलना, म्हणजे त्या पट्ट्यांना, भिंतीशी घट्ट बसायला तेलाचा पातळ थर लागतो. थंड इंजिनाला संगणक जादा पेट्रोल देतो. इंजिन तापण्याआधीच बंद केलं, तर हे पेट्रोल आत साठतं आणि तेलाचा थर धुऊन टाकतं. मग दाब तयार होत नाही, प्लग ओले होतात. याला फ्लड होणं म्हणतात. उपाय साधा आहे: पेट्रोलचा पुरवठा तोडायचा, सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर काढायचं, प्लग वाळवायचे. त्याहून चांगलं म्हणजे ही वेळच येऊ न देणं. गाडी एकदा सुरू केली की ती पूर्ण तापेपर्यंत बंद करायची नाही, हा रोटरी घरातला पहिला नियम. तापेपर्यंत मात्र पाय हलका ठेवायचा. आणि तापल्यावर दिवसातून एकदा तरी काटा मनसोक्त वर जाऊ द्यायचा, म्हणजे कार्बन साठत नाही.

उष्णतेचा सगळ्यात मोठा बळी ठरतात कूलंटचे रबरी सील. हे इंजिन थरांचं बनलेलं आहे: बिडाच्या पाट्या, त्यांच्यामध्ये रोटर ज्यांत फिरतात ती अ‍ॅल्युमिनियमची घरं, आणि सगळं लांब बोल्टांनी एकत्र आवळलेलं. स्फोट नेहमी एकाच बाजूला होतो, म्हणून ती बाजू कायम जास्त तापते. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. या ओढाताणीत मधलं रबर कुकरच्या जुन्या रिंगसारखं कडक होतं आणि कूलंट कप्प्यात झिरपतो. सकाळी सुरू करताना गोड वासाचा पांढरा धूर दिसला, तर समजावं. गाडीचा मूळ तापमान काटा इथे उपयोगाचा नाही. तो मोठ्या टप्प्यात मधोमधच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. खरं तापमान दाखवणारा मीटर हा माझ्या मते या गाडीवरचा पहिला खर्च असावा, आणि कूलंटची प्लास्टिकची छोटी टाकी बदलणं हा दुसरा. ती जुनी झाली की तडकते.

टर्बो दोन आहेत आणि ते पाळीपाळीने काम करतात. खालच्या फेऱ्यांत एकच टर्बो फिरतो. ४५०० च्या आसपास दुसरा सामील होतो. रोजच्या रहदारीत हे वरदान आहे, कारण सिग्नलवरून निघताना गाडी लगेच उचलते. पण ही पाळी सांभाळतात ते व्हॅक्यूमचे ढीगभर बारीक पाइप आणि सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपा), तेही तापलेल्या टर्बोंच्या शेजारी. तीस वर्षांत रबर वाळतं, एखादा पाइप सुटतो आणि मधेच जोर ओसरतो. वैतागून कित्येक जण ही यंत्रणा काढून एकच मोठा टर्बो बसवतात. शर्यतीसाठी ठीक. रोज ऑफिसला जायचं असेल तर सगळे पाइप सिलिकॉनचे घालावेत आणि मूळ रचना जपावी. टर्बोचा दाबही वाढवू नये. नॉकिंग झालं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकलं, की टोकाचा सील तुटतो, तुकडा एक्झॉस्टवाटे टर्बोच्या पात्यांवर आदळतो, आणि एका क्षणात इंजिन व टर्बो दोन्ही जातात.

ऑइल ही गाडी खातेच. सील वंगणात राहावेत म्हणून एक छोटा पंप मुद्दाम कप्प्यात ऑइल सोडतो. म्हणून पेट्रोल भरताना ऑइलची पट्टी पाहायची सवय लावून घ्यावी.

कायदेही जुन्या गाडीला वेगवेगळी वागणूक देतात. जपानमध्ये तेरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीला वाढीव कर बसतो. अमेरिकेत २५ वर्षं पुरी झालेली परदेशी गाडी आणता येते, त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या जपानी एफडी आता तिकडच्या रस्त्यांवर दिसतात.

विकत घेताना रोटरीसाठीच्या खास मीटरने कॉम्प्रेशन, म्हणजे कप्प्यातला दाब, तपासून घ्यावं, कारण एका रोटरचे तिन्ही कप्पे वेगवेगळे मोजावे लागतात. झिजलेल्या इंजिनाची पहिली खूण ते थंड असताना दिसत नाही. लांबच्या प्रवासात पेट्रोल पंपावर थांबलात आणि गरम गाडी सुरू व्हायला वेळ लागला, तर दाब कमी झालाय, कारण तापलेलं ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलची फट भरून काढू शकत नाही. त्या वेळीच इंजिन उतरवून नवे सील घातले, तर भिंतीवरचा क्रोमचा मुलामा बहुधा शाबूत मिळतो आणि तीच घरं पुन्हा वापरता येतात. तसंच चालवत राहिलं आणि सील तुटला, तर घरंही नवी घ्यावी लागतात, आणि खर्चाचा मोठा भाग तोच असतो.